केमिकल झालं, आता पेट्रोलियमही?

गेल्या आठवड्यात केमिकल इंजिनिअरिंगच्या तुमच्यातल्या एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, बाहेर जाऊन केमिकल आणि पेट्रोलियम इंजिनिअरिंग अशी दोन्ही मास्टर्स एकदम करावीत का?" म्हटलं, याचं उत्तर सगळ्यांसमोरच देते.

मी उरणची. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचं तेल आणि वायू पाइपमधून जिथे किनाऱ्याला लागतात, तिथली. रात्री प्लांटच्या फ्लेअरचा, म्हणजे नको असलेला वायू जाळणाऱ्या ज्योतीचा, उजेड आमच्या अंगणातून दिसायचा. 1974 साली समुद्रात साधारण 160 किलोमीटर आत तेल सापडलं, हे शाळेत पाठ होतं. पण ते खाली असतं कसं, हे बीई झाले तरी मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, खाली तळं असेल. तळं नसतं. मुंबई हायला चुनखडक आहे आणि त्याच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेलं आहे. एवढं कळलं आणि मी दुसऱ्या पदवीकडे वळले.

फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करणाऱ्या आंरी दार्सी या अभियंत्याने 1856 साली एक नियम मांडला. वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपतं, याचा. तुम्ही तो फिल्टर आणि पॅक्ड बेड (दाणे भरलेली नळी) शिकताना पाहिला आहे. तेलवाल्यांचं अख्खं रिझर्वॉयर इंजिनिअरिंग, म्हणजे खडकातून तेल-वायू कसे वाहतात याचं शास्त्र, त्याच नियमावर उभं आहे. फरक एवढाच, की तुमच्या रिअ‍ॅक्टरमध्ये दाणे केवढे घ्यायचे हे तुम्ही ठरवता. खडकातले दाणे कोट्यवधी वर्षांपूर्वी ठरून गेलेले असतात आणि ते तुम्हाला दिसतही नाहीत. हाताशी असतं तेलविहिरीचं जेमतेम वीतभर रुंदीचं भोक. मग विहीर काही तास बंद ठेवायची आणि तळाचा दाब कसा चढतो ते बघत बसायचं. त्या चढत्या रेषेवरून खडकाची पारगम्यता, म्हणजे खडक तेलाला किती वाट देतो ते, काढायची. केमिकलमध्ये मला मोजायला शिकवलं होतं, इथे अंदाज बांधायला शिकवलं. मला ही दोन वेगळी शिक्षणं वाटतात आणि दोन्ही हवीशी वाटतात.

आणखी एक उदाहरण देते, कारण माझा प्रबंधाचा विषय त्यातूनच निघाला. पेंग आणि रॉबिन्सन यांचं 1976 चं समीकरण तुम्ही थर्मोडायनॅमिक्समध्ये सोडवता; दिलेल्या दाबाला आणि तापमानाला किती वायू राहील आणि किती द्रव होईल, हे त्यावरून काढतात. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातलं काम ते. आपण ते सेपरेटरसाठी, म्हणजे वायू आणि द्रव वेगळे करणाऱ्या टाकीसाठी, वापरतो. तेच खडकातल्या वायूला लावा. काही क्षेत्रांत वायू काढता काढता दाब घटतो आणि वायूतून द्रव सुटायला लागतो. दाब कमी केल्यावर द्रव! पहिल्यांदा मी गणित तीनदा तपासलं. तो द्रव विहिरीभोवतीच्या छिद्रांत अडकतो आणि मागच्या वायूची वाट अडवतो. द्रव का सुटला हे केमिकलवाली सांगेल, तो कुठे अडकला हे पेट्रोलियमवाला सांगेल. आमच्या गटात ही दोन माणसं एकमेकांची भाषा समजून घेण्यातच पहिले दोन महिने घालवायची.

आता व्यवहाराचं. अमेरिकेत एका मास्टर्सला साधारण 30 क्रेडिट लागतात. दोन्ही पदव्यांत काही विषय सामाईक धरतात, त्यामुळे पूर्ण 60 करावे लागत नाहीत. किती सामाईक धरायचे हे विद्यापीठागणिक बदलतं. प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. दुसरं, जे मला कोणी सांगितलं नव्हतं: शिक्षणानंतर तिथे काम करायला मिळणारे 12 महिने, आणि आपल्या शाखांना वर मिळणारे 24 महिने, हे पदवीच्या पातळीला मिळतात. एकाच पातळीच्या दोन पदव्या घेतल्या म्हणून ते दुप्पट होत नाहीत. फी आणि घरचं कर्ज मात्र वाढतं. तेवढ्यासाठी दुसरी पदवी घेणार असाल तर घेऊ नका.

नोकरीचंही खरं सांगते. 2014 च्या जूनमध्ये तेल पिंपाला 110 डॉलरच्या वर होतं, 2016 च्या जानेवारीत 30 च्या खाली. मी त्याच वर्षी शिकून बाहेर पडले. हातात आलेलं नेमणुकीचं पत्र कंपनीने परत घेतलं. माझ्याबरोबरची फक्त पेट्रोलियम केलेली मुलं वर्षभर घरी होती. मला केमिकलच्या पदवीवर अमाइन प्लांटमध्ये काम मिळालं. वायूतला कार्बन डायऑक्साइड अमाइन नावाच्या रसायनाने वेगळा करणं, हे ते काम. त्या दिवसांत मी फार घाबरले होते.

आणि तिथेच मला माझी जागा सापडली. नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात 1996 पासून नेमकं हेच चालत आलं आहे: वायूतला कार्बन डायऑक्साइड अमाइनने धुऊन काढायचा आणि समुद्रतळाखालच्या खाऱ्या पाण्याच्या वालुकाश्मात सोडायचा. सुरुवातीची बरीच वर्षं हे प्रमाण वर्षाला सुमारे दहा लाख टनांच्या घरात होतं. वरची अर्धी प्रक्रिया एका पदवीची, खालची अर्धी दुसरीची. तो वायू खाली टिकेल का, याचं उत्तर देणाऱ्याला दोन्ही यायला हवं. तेलाचे दिवस सरले तरी हा प्रश्न सरणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा ज्या मुलीने विचारलं तिला माझं सांगणं असं: आधी एकाच पदवीला प्रवेश घे. पहिल्या सत्रात ट्रान्सपोर्ट फिनॉमेनाबरोबर (प्रवाह आणि उष्णता कशी वाहते याचा केमिकलचा विषय) रिझर्वॉयर इंजिनिअरिंगचा एक विषय घे. डिसेंबरपर्यंत दोन्ही वह्यांमधलं एकच गणित तुला दिसलं आणि त्यावरून काही विचारावंसं वाटलं, तर दुसरा अर्ज भर. काही ठिकाणी तो पहिल्या वर्षातही भरता येतो.