लाळ जास्त की गिळणं कमी?

नमस्कार श्रोतेहो. तोंडात सारखी लाळ साठते, बोलताना थुंकी उडते, सकाळी उशीचा अभ्रा ओला असतो, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांना लाळ थांबवणारी गोळी हवी असते. गोळीची घाई नको. धडधाकट माणसालाही दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सुटतेच. ती आपण नकळत गिळत राहतो, म्हणून जाणवत नाही. तेव्हा आधी बघायचं, लाळ खरंच वाढलीय की गिळणं मंदावलंय?

कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, लाळ सहसा वाढलेली नसते. गिळणं मंदावतं, मान पुढे झुकते, ओठ नीट मिटत नाहीत, आणि ती ओघळते. अशा आजोबांवर घरचे "तोंड पुसा हो" म्हणून डाफरतात, हे मला मुळीच पटत नाही. मान सरळ ठेवून आठवणीनं गिळायची सवय स्पीच थेरपिस्ट लावू शकतात. तेवढ्यानं भागलं नाही तर लाळग्रंथीत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात. हो, सुरकुत्यांसाठी घेतात तेच! काही महिने आराम पडतो.

लाळ खरोखर वाढते ती आम्लपित्तात, गरोदरपणातल्या मळमळीत, हिरडी सुजल्यावर, नवी कवळी बसवल्यावर. तिथे मूळ दुखण्यावरच उपचार करायचा. तंबाखू धरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. क्लोझापिन या मानसिक आजारावरच्या औषधानंही रात्री लाळ गळते. पण ते मनानं बंद करू नका, डॉक्टर मात्रा बदलून देतील. लाळ आटवणाऱ्या गोळ्या आहेत, मात्र त्यांनी बद्धकोष्ठ होतो, लघवी अडते, म्हाताऱ्या माणसांना भ्रमही होतो. तान्ह्या बाळाला लाळेरं बांधा, बस्स.

आता शेतकरी बंधूभगिनींसाठी. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते तुम्हाला आठवत असेल. काही कीटकनाशकांमुळे ग्रंथींना मिळणारा "स्रवा" हा मज्जातंतूंचा संदेश थांबतच नाही. फवारणीनंतर तोंडाला लाळ, दरदरून घाम, डोळ्यांत पाणी, बाहुल्या बारीक, दम लागलेला, असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. हातमोजे घालून बाधा झालेल्याचे कपडे उतरवा, अंग साबणानं धुवा, ओकारी काढू नका, 108 ला फोन करा. रुग्णालयात उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात. जाताना फवारलेल्या औषधाची बाटली सोबत न्या, निदान तिचं लेबल तरी.

चालताबोलता तोंड एका बाजूला वाकडं होऊन लाळ गळू लागली, तरीही तडक रुग्णालय गाठा. तो पक्षाघात असू शकतो.