भार कुठून उतरतो? चांपानेरच्या जामा मशिदीत

मंडळी, मी पेशानं स्थापत्य अभियंता. निम्मं आयुष्य घोडबंदर रोडवरच्या इमारतींत गेलं. त्यामुळे कुठल्याही वास्तूत शिरलो की आधी मान वर जाते: छताचा भार खाली कुठून उतरतोय?

चांपानेरलाही तेच झालं. वसईहून रात्रीची गाडी, पहाटे बडोदा, पुढे हालोलमार्गे एसटी. पावागडाच्या पायथ्याशी गुजरातचा सुलतान महमूद बेगडा यानं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ही मशीद उभारली. १५३५ मध्ये हुमायूनची स्वारी झाली आणि हळूहळू शहरच ओसाड पडलं. २००४ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे.

समोरून बघाल तर मशीदच. मधे उंच टोकदार कमान, दोन्ही बाजूंना सुमारे ३० मीटरचे मिनार. आत पाऊल टाकलं आणि मी थबकलो. कमान गेली कुठे? जिकडेतिकडे खांब, खांबांवर तुळया. वरचे घुमटही कमानीच्या तत्त्वावर नाहीत. चौकोनाचे कोपरे तुळयांनी छाटून अष्टकोन केलाय, मग दगडाचा एकेक थर आत सरकवत वर्तुळ मिटवत नेलंय. ही युक्ती आपल्या घराजवळची. ठाण्याहून कर्जत लोकल पकडा, अंबरनाथला उतरा आणि १०६० च्या शिवमंदिरात सभामंडपाचं छत बघा. तिथे शिलाहारांचे कारागीर, इथे गुजरातचे सूत्रधार, म्हणजे मुख्य कारागीर, अंतर साडेचारशे वर्षांचं. पण गणित तेच.

यातला व्यवहार लक्षात घ्या. खऱ्या कमानीचा रेटा बाजूला जातो, तिला जाड भिंत लागते. सरकत्या थरांचा भार बहुतांशी सरळ खाली येतो, म्हणून सडपातळ खांब पुरतात. मालकानं मागितलं होतं मोठं दालन, नमाजाला पश्चिमेकडे तोंड आणि मूर्ती नको. कारागिरानं हातात होतं ते दिलं. मधला भाग मजल्यांनी उंचावलाय, भोवती सज्जे आहेत. उजेड आडून येतो, ऊन थेट येत नाही. भर दुपारी मला तिथून हलवेना.

आमच्या गाइडनं शिरस्त्याप्रमाणे 'दोन संस्कृतींचा संगम' म्हटलं. मला ते पटत नाही. संगमात कुठलं पाणी कुणाचं हे पुढे ओळखू येत नाही. इथे सांधा बोट ठेवून दाखवता येतो: दर्शनी कमान इथे संपली, तुळई इथे सुरू झाली. आणि सूत्रधारांना त्याचं ओझंही वाटलेलं दिसत नाही. पश्चिम भारतातल्या शिल्पशास्त्राच्या एका संस्कृत ग्रंथात मशीद बांधण्याचे नियम आहेत. तिथे तिचं नाव काय? 'रहमाणप्रासाद'! जणू आणखी एका देवाचं देऊळ, फक्त मूर्तीविना.

आता 'मग इथल्या लढाईचं काय?' असं तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच, म्हणून मीच बोलतो. बेगड्यानं १४८४ मध्ये पावागड जिंकला तो दीर्घ वेढा घालून. खीची चौहानांचं राज्य संपलं. वर डोंगरावर कालिकामातेचं देऊळ आहे, त्याचं शिखर कित्येक शतकं नव्हतं; २०२२ मध्ये नव्या शिखरावर ध्वज चढला. हे गाळून नक्षीचं कौतुक करणं मला अप्रामाणिक वाटतं. आणि त्यासाठी नक्षीकडे पाठ फिरवणं तर अडाणीपणाच. खालची मशीद आणि वरचं देऊळ, दोन्ही एकाच दिवसात बघून होतात, बघाच.

जाल तेव्हा मिनारांच्या बुंध्याशी थांबा. देवळाच्या बाह्यभिंतीवर असतात तशी देवकोष्ठं, म्हणजे मूर्तीसाठीचे कोनाडे, तिथे आहेत. चौकट, वरची शिखरी, सगळं जागच्या जागी. आत देव मात्र नाही. त्याच्या जागी कारागिरानं वेलबुट्टी कोरलीय, आणि ती कोरताना कुठेही हात आखडलेला नाही. माझे सोबती बसकडे निघाले होते. मी चष्मा पुसून पुन्हा एकदा त्या रिकाम्या नसलेल्या कोनाड्यात डोकावलो.