गुणसूत्रांची टोकं आणि अंगावरचे तपकिरी डाग

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय एनएफ-वन, म्हणजे न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप वन, या आनुवंशिक आजारातल्या गाठींबद्दल. पण त्याआधी एका मुलीची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

साल 1984, नाताळचा दिवस. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात सुट्टी. तरी कॅरल ग्रायडर ही विद्यार्थिनी प्रयोगशाळेत आली, प्रयोगाची फिल्म कशी उमटलीय ते बघायला. तिला डिस्लेक्सिया होता, स्पेलिंग जमायचं नाही. प्रवेश परीक्षेतले गुण कमी, म्हणून बऱ्याच विद्यापीठांनी तिला दारातूनच परत पाठवलेलं. दादरला क्लासच्या भिंतीवर टॉपर मुलांचे फोटो दिसले की मला हीच मुलगी आठवते. गुणांवरून संशोधक ओळखता येत नाही, हे मी सांगतच राहणार!

तर, फिल्मवर पट्ट्या दिसल्या. एकीखाली एक, डीएनएच्या सहा-सहा अक्षरांच्या अंतरानं. तळ्यातल्या टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात गुणसूत्रांची टोकं वाढवणारं विकर तिच्या हाती लागलं होतं. टेलोमरेज! त्या दिवशी घरी जाऊन ती नाचली. 2009 साली तिला, तिच्या मार्गदर्शक एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना आणि जॅक शोस्टाक यांना नोबेल मिळालं. भल्या पहाटे फोन आला, तेव्हा बाई कपडे धुण्याच्या कामात होत्या.

ही टोकं म्हणजे टेलोमिअर. सुंभाचा पीळ सुटू नये म्हणून आपण टोकाला गाठ मारतो, तसंच त्यांचं काम. पेशी दुभंगली की टोक थोडं झिजतं. फार झिजलं की पेशी दुभंगायची थांबते. कर्करोगाला थांबायचं नसतं. म्हणून बहुतेक कर्करोग टेलोमरेज पुन्हा जागं करतात.

आता एनएफ-वन. साधारण तीन हजार जन्मांत एकाला. दोष सतराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात. अंगावर फिकट तपकिरी डाग, सहा किंवा जास्त, मग नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, गाठी. निम्म्या रुग्णांच्या आईवडिलांत हा दोष नसतोच, म्हणून सुनेच्या माहेराला बोल लावू नका. आणि हा आजार स्पर्शानं पसरत नाही. पुन्हा सांगते, स्पर्शानं पसरत नाही. लोकलमध्ये अशा माणसाशेजारून लोक उठून जातात, तेव्हा माझा जीव तुटतो.

यातल्या बहुतेक गाठी सौम्य राहतात. मात्र मेंदूतल्या आणि नसांवरच्या उग्र गाठींपैकी काहींत वेगळंच आढळलं. तिथे टेलोमरेज नाही, तर एका गुणसूत्राचं टोक दुसऱ्याचं पाहून लांबवलं जातं. या आडवाटेला एएलटी म्हणतात. मेंदूतल्या अशा गाठींत बरेचदा एटीआरएक्स हे जनुक बिघडलेलं असतं. म्हणून गाठीचा तुकडा तपासताना पॅथॉलॉजिस्ट एटीआरएक्सची तपासणीही करू शकतात. गाठ किती उग्र आहे, हे ठरवायला तिची मदत होते.

घरात कुणाला एनएफ-वन असेल, तर वर्षातून एकदा तपासणी, डोळ्यांसकट. जुनी गाठ भराभर वाढली, कडक झाली, रात्री ठणकू लागली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. वाढली, कडक झाली, ठणकू लागली. यातलं एकही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा.