बडीला आधी कळतं

(दृश्य : कन्हानचा पूल, सकाळ)
नागपूरच्या उत्तरेला पंधरा-सोळा किलोमीटरवर, कन्हानच्या काठी कामठी. इंग्रजांनी 1821 मध्ये इथं छावणी वसवली. आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचं सेंटर इथंच आहे. छावणीच्या आत आमचा कॅमेरा गेला नाही. टपरीवर मात्र गेला.

(दृश्य : चहाची टपरी)
हे निवृत्त सुभेदार साहेब. बाक रिकामा असला तरी बसणार भिंतीला पाठ लावूनच, तोंड रस्त्याकडे. ग्लास डाव्या हातात, उजवा मोकळा. मागच्या गल्लीत मोटारसायकलचा सायलेन्सर फुटतो... पाहा, चहा सांडला नाही, पण मान आधी वळली. काश्मीरमधून येऊन वर्षं झाली. अंग अजून ड्यूटीवरच आहे.

(दृश्य : पहिल्या महायुद्धातली छायाचित्रं)
लढाईनं मनावर सोडलेलं हे दुखणं फौजांना जुनं आहे. 1915 मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरनं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक'वर लिहिलं. तोफगोळ्यांच्या हादऱ्यानं मेंदूला इजा होते, असा तेव्हा अनेकांचा समज. पण गोळा जवळ न पडलेले जवानही थरथरत होते. हादरलेल्यांना जहाजात घालून मायदेशी धाडलं, तर त्यातले बरेच पुन्हा उभेच राहिले नाहीत. 1917 मध्ये अमेरिकेचे डॉक्टर थॉमस सॅल्मन हे सगळं पाहून गेले आणि तीन गोष्टी सांगितल्या : उपचार आघाडीजवळ करा, लगेच करा, आणि तू बरा होऊन आपल्याच तुकडीत जाणार आहेस हे त्याला पहिल्या दिवसापासून सांगा. औषध काय? झोप, अंघोळ, गरम जेवण. दुसरं महायुद्ध लागेपर्यंत हे सगळे विसरले. 1943 मध्ये ट्युनिशियात पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. 1982 च्या लेबनॉन युद्धानंतर इस्रायली संशोधकांनी जवान तपासले. आघाडीजवळ उपचार मिळालेल्यांमध्ये पुढे पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार, कमी दिसला.

आणि घटना घडल्या घडल्या सगळ्यांना एकदाच बसवून जबरदस्तीनं बोलतं करायचं? त्याचा उपयोग नाही, हे आता मानसोपचारवालेच सांगतात.

(दृश्य : साखरेच्या बरणीला टेकवलेला मोबाईल, व्हिडिओ कॉल)
पलीकडे हरियाणातला त्यांचा बडी, म्हणजे तुकडीतला जोडीदार जवान. गार्ड्समध्ये सगळ्या प्रांतांचे जवान एकत्र, म्हणून ही वऱ्हाडी-हरियाणवी जोडी. दोघं एकमेकांना अजून शिव्याच घालतात. कोण झोपत नाही, कोणी घरी फोन करणं सोडलं, लंगरमध्ये कोणाचं ताट तसंच परत जातं, हे डॉक्टरच्या आधी बडीला कळतं. मग सेक्शन कमांडरला. 'कमजोर पडला' असं न म्हणता त्यांनी त्या जवानाला दोन रात्री झोपू दिलं, तर पुढचं पुष्कळ टळतं. महिना उलटूनही तीच स्वप्नं, तीच दचक राहिली, तर मात्र डॉक्टरच हवा. आणि त्यावर उपचार आहेत.

(दृश्य : घराचं अंगण, दोरीवर कपडे)
मधल्या वर्षांत घरच्यांनी सोसलं ते सोसलं. साहेबांची दारू आता सुटली.

(दृश्य : टपरी, नव्यानं निवृत्त झालेले तिघे)
'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर मराठीतूनही बोलता येतं. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात, फौजींसाठी त्याचा वेगळा कक्ष सुरू झाला. सुभेदार साहेब नव्या पेन्शनरांचा मोबाईल हातात घेतात आणि आपल्यासमोर दोन नंबर भरायला लावतात : बडीचा आणि टेलिमानसचा, 14416.