कॅमेरा आपल्याला कुठे उभं करतो

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे ते सिनेमाच्या कॅमेऱ्याबद्दल, आणि तेही रेडिओवरून. दाखवता काहीच येणार नाही. पण नागपुरात त्याने फारसं अडत नाही. इथल्या प्रत्येकाने पाहिलेली एक गोष्ट डोळ्यांसमोर आणली की काम होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत, म्हणजे गावाची इडापिडा सोबत घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक.

इतवारी-महालाकडचे रस्ते माणसांनी भरलेले आहेत. काळी मारबत, पिवळी मारबत, सोबत बडग्यांचे पुतळे, ढोलताशे आणि ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असा गजर. सव्वाशे वर्षांहून जुनी ही मिरवणूक तुम्हाला चित्रित करायची आहे, असं समजा. हातात एकच कॅमेरा आहे. तो कुठे ठेवाल?

बहुतेकांना आधी गच्ची सुचते. हल्ली ड्रोन सुचतो. वरून सगळं दिसतं हे खरं. रस्ता केवढा, गर्दी केवढी, मिरवणूक कुठून वळली, सारं एका नजरेत कळतं. पण वरून चेहरा दिसत नाही, नुसती डोकी दिसतात. बघणारा सुरक्षित अंतरावर राहतो, त्याला कोणाचा धक्का लागत नाही, घामाचा वास येत नाही. टॉप शॉट माहिती भरपूर देतो, पण माणसाशी नातं जोडून देत नाही. म्हणून तो एखाददुसराच असावा. आजकाल दर दोन मिनिटांनी ड्रोन आकाशात जातो, तेव्हा आपण त्या गोष्टीतून बाहेर फेकले जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता खाली उतरा. कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरा आणि वर बघा. मारबत मुळातच उंच. आता तिच्या डोक्यामागे फक्त आभाळ आहे. वडिलांचं बोट धरून आलेल्या पाच वर्षांच्या पोराला ती जशी दिसते, तशी ती तुम्हाला दिसू लागते. दरारा वाटतो. हा लो अँगल. हीच युक्ती सिनेमात नायकाच्या एंट्रीला वापरतात, खलनायकालाही वापरतात, आणि निवडणुकीच्या प्रचारफितीत पुढाऱ्यालाही. आपण मान वर करून ज्याच्याकडे बघतो, त्याला आपलं मन नकळत मोठेपणा देऊन टाकतं. त्यासाठी त्याने काही केलेलं असावं लागत नाही.

तिसरी जागा गर्दीच्या पोटात. कॅमेरा खांद्यावर घ्या आणि शिरा. चौकट हलते, कोणाचा तरी दंड मध्ये येतो, क्षणभर काहीच दिसत नाही, मग एकदम मारबतीचा रंगवलेला डोळा समोर येतो. पुढे काय येणार हे कॅमेऱ्याला ठाऊक नसतं, त्यामुळे बघणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हँडहेल्डची ताकद या न कळण्यात आहे. नुसतं हलवून ती मिळत नाही. शांतपणे जेवणाऱ्या माणसावर विनाकारण हलणारा कॅमेरा फक्त डोकं दुखवतो.

चौथी जागा रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, अगदी लांब. तिथून टेलि लेन्स लावा, म्हणजे लांबचं मोठं करून दाखवणारी. माणसं एकमेकांना चिकटलेली दिसतात, चालत असतात पण जवळ येतच नाहीत. लोक म्हणतात, लेन्सने गर्दी दाबली. खरं काम अंतराचं आहे. तुमच्यापासून पहिला माणूस १०० मीटरवर आणि शेवटचा १२० मीटरवर असेल, तर दोघांच्या आकारात फारसा फरक पडत नाही, म्हणून ते शेजारी शेजारी उभे असल्यासारखे वाटतात. तुम्ही चालत पुढे गेलात आणि पहिला २ मीटरवर आला, तर शेवटचा २२ मीटरवर असेल, म्हणजे अकरा पटींनी लहान दिसेल. रस्ता तोच, माणसं तीच. लांबून घेतलं तर गुदमरल्यासारखं वाटतं, जवळून घेतलं तर मोकळं. मोर्च्याची बातमी बघताना ही गोष्ट जरूर लक्षात ठेवा. कमी माणसं भरपूर दाखवायची असतील तर लांबून टेलि, आणि भरगच्च मोर्चा विरळ दाखवायचा असेल तर वाइड, म्हणजे रुंद भाग टिपणारी, लेन्स घेऊन कडेच्या रिकाम्या जागेत उभं राहायचं. बातमीदाराने एक शब्दही खोटा बोलायची गरज पडत नाही.

आणि पाचवी जागा. मारबतीकडे पाठ करा. एखाद्या घराच्या पायरीवर एक म्हातारी बाई हात जोडून उभी असेल, तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा ठेवा. मारबत चौकटीत नाहीच. फक्त गजर ऐकू येतोय आणि तिची नजर हळूहळू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकतेय. घरातलं आजारपण, कर्ज, जे काही ती त्या क्षणी मारबतीसोबत धाडते आहे, ते तुम्ही तिच्या चेहऱ्यावर शोधू लागता. मला विचाराल तर पाचातला सगळ्यात मोठा शॉट हाच. बघणाऱ्याला इथे काम करावं लागतं, आणि ज्या दृश्यासाठी आपण काम केलं ते आपलं होतं.

मिरवणूक एकच. पाच जागांवरून बघणाऱ्यांच्या मनात पाच वेगळ्या गोष्टी घडल्या. कॅमेरा आपल्याला एका ठिकाणी नेऊन उभं करतो, आणि तिथून कोणाच्या बाजूने बघायचं हे आपण ठरवण्याआधीच ठरून गेलेलं असतं. मला आज मुख्यतः हेच सांगायचं आहे.

चेहऱ्याची ही ताकद आपल्याकडे फार लवकर ओळखली गेली. दादासाहेब फाळक्यांच्या १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये सुरुवातीलाच त्यांची लहान मुलगी मंदाकिनी दिसते. गोष्ट सुरू व्हायच्या आधी नुसता तिचा चेहरा आणि त्यावर एकामागून एक बदलणारे भाव. पुढे १९३४ साली ‘प्रभात’च्या ‘अमृतमंथन’मध्ये व्ही. शांतारामांनी गोष्टीतल्या खलनायक राजगुरूचा डोळा पडदाभर दाखवला. हिंदी आवृत्तीत तो डोळा चंद्रमोहन यांचा होता. एवढ्या जवळून आपण प्रत्यक्षात कोणाला बघतो? कडेवरच्या बाळाला, जिवलगाला, किंवा अंगावर आलेल्या शत्रूला. पडद्यावर चेहरा तेवढा मोठा झाला की शरीर आपोआप सावध होतं. म्हणूनच क्लोजअप जपून खर्च करायचा असतो. टीव्हीच्या मालिकांत एका वाक्यावर घरातल्या सात जणांचे टाइट क्लोज येतात, तेव्हा आठव्या चेहऱ्याचं काहीच वाटेनासं होतं.

चौकटीतल्या वस्तूचा आकार न बदलता माणसाच्या आतली अवस्था दाखवण्याचं एक तंत्र दिग्दर्शक हिचकॉकच्या १९५८ सालच्या ‘व्हर्टिगो’मध्ये आहे. नायकाला उंचीची भीती. तो जिन्यातून खाली बघतो आणि जिना त्याच्या डोळ्यांदेखत खोल खोल ताणला जातो. कॅमेरा ठेवलेली ट्रॉली एका दिशेने सरकवायची आणि त्याच वेळी झूम उलट दिशेने फिरवायचा, म्हणजे समोरच्या वस्तूचा आकार तेवढाच राहतो आणि तिच्यामागचं जग ताणलं जातं. उंच जिन्यात ट्रॉली टांगणं सोपं नव्हतं, म्हणून जिन्याची छोटी प्रतिकृती आडवी ठेवून तो शॉट घेतला. बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो, कारण आकार आणि अंतर एकमेकांशी जुळत नाहीत हे डोळ्यांना कळतं, पण का ते कळत नाही.

अशा युक्त्या खूप आहेत आणि त्या शिकता येतात. पण युक्तीच्या पलीकडची गोष्ट मला मराठीत दोन ठिकाणी फार प्रखरपणे दिसली.

पहिली ‘फँड्री’त. २०१३ सालचा नागराज मंजुळे यांचा चित्रपट. जब्या हा त्यातला शाळकरी पोरगा. त्याचं कुटुंब डुक्कर पकडण्यासाठी धावतंय, आणि गावातले लोक मजा बघावी तसे हसत बघताहेत. आपणही बघतोय. आपली सहानुभूती जब्याकडे आहे अशी आपली खात्री असते. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. पडदा काळा होतो. कॅमेरा त्या क्षणी हसणाऱ्यांच्या जागी आहे, म्हणजे आपणही तिथेच. दीड-दोन तास ज्याच्या बाजूने आहोत असं वाटत होतं, त्याच्या समोर आपण उभे आहोत. इतकं बोचरं विधान कोणत्याही संवादाने झालं नसतं. कॅमेरा दोन पावलं बाजूला असता, दगड चौकटीतून आडवा गेला असता, तर आपण हळहळून घरी गेलो असतो.

नागराज यांनीच पुढे ‘झुंड’ नागपुरात चित्रित केला. आपल्या वस्त्यांमधली पोरं, आपल्या गल्ल्या, आणि समोर अमिताभ बच्चन. एवढा मोठा नट चौकटीत असला की सगळ्यांची नजर तिकडेच जायची. चित्रपट संपल्यावर मला मात्र पोरांचे चेहरे आठवत राहिले. चौकटीत कोणाला किती जागा द्यायची याचा कोणीतरी नीट विचार केल्याशिवाय हे होत नाही.

दुसरं ठिकाण ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि त्याला ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे साकारले ते आपल्या नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. कार्यकर्ते, कवी, ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले. त्यांना ओळखणारे आजचे श्रोते बरेच असतील.

या चित्रपटात मृणाल देसाई यांचा कॅमेरा बहुतेक वेळ हलत नाही. लांब, रुंद चौकट, आणि तीही जरा जास्तच वेळ टिकवलेली. शाहीर मंचावर गात असतात आणि पोलीस त्यांना अटक करायला येतात. दुसऱ्या कोणी इथे शाहिराच्या डोळ्यांवर झूम केला असता, पोलिसाचे बूट दाखवले असते, संगीत चढवलं असतं. इथे तसं काही होत नाही. कॅमेरा दूर उभा राहून बघतो. न्यायालयातही तसंच. तारखा पडतात, कागद वाचले जातात, शेजारच्या बाकावर दुसऱ्याच खटल्याचे लोक बसलेले असतात. आपल्याला कुठे बघायचं ते कोणी सांगत नाही, म्हणून आपण चौकटभर बघू लागतो आणि ती सगळी यंत्रणा दिसू लागते. राग यावा असं दृश्य कोणीही रचू शकतं. इथे राग आपला आपल्याला येतो, उशिरा येतो, आणि म्हणून जात नाही.

शेवटाकडे उन्हाळी सुट्टीसाठी न्यायालय बंद होतं. लोक निघून जातात, दिवे मालवले जातात, आणि कॅमेरा त्या अंधारात तसाच थांबतो. प्रेक्षकाला वाटतं, संपला चित्रपट. संपलेला नसतो. पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात. त्या अंधारातली काही क्षणांची स्तब्धता मला कॅमेरा क्रेनवर चढवून घेतलेल्या अनेक मोठ्या शॉटपेक्षा धाडसी वाटते, कारण बघणारा कंटाळेल ही जोखीम तिथे पत्करलेली आहे.

आता थोडं आपल्या हातातल्या मोबाइलबद्दल. नागपुरात आज कितीतरी मुलं मोबाइलवर लघुपट करताहेत, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. त्यांना दोन गोष्टी सांगतो.

पहिली, उन्हाची. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. भुवयांची सावली थेट डोळ्यांत पडते आणि डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. डोळे दिसले नाहीत की बघणारा त्या पात्रावर विश्वास ठेवायला तयार होत नाही, नट कितीही चांगला असो. सकाळी आठच्या आत काम उरका, नाहीतर संध्याकाळी. दुपारी घ्यायचंच असेल तर माणसाला पडवीत आणा आणि समोरून पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा धरा, म्हणजे उजेड परतून चेहऱ्यावर पडतो. 

दुसरी गोष्ट उंचीची आणि अंतराची. घरातल्या आजी-आजोबांच्या आठवणी बरेच जण चित्रित करतात. आजी जमिनीवर बसलेली, नातू उभा, हातातला मोबाइल खाली झुकवलेला. त्या चौकटीत आजी लहान, केविलवाणी दिसते. तिच्या बोलण्यात कितीही ताठपणा असला तरी बघणाऱ्याला तिची दया येते. जपानचे दिग्दर्शक यासुजिरो ओझू चटईवर बसलेल्या माणसांच्या उंचीवर, कधी त्याहूनही खाली कॅमेरा ठेवत, आणि त्यांच्या घरगुती गोष्टींतली म्हातारी माणसं कधीच केविलवाणी वाटत नाहीत. तुम्हीही खाली बसा. मोबाइल आजीच्या डोळ्यांच्या पातळीवर, एखाद्या डब्यावर टेकवून ठेवा. फार जवळ जाऊ नका. मोबाइलची मुख्य लेन्स वाइड असते, हातभर अंतरावरून घेतलं की नाक मोठं आणि कान आत गेलेले दिसतात. दीड-दोन मीटर मागे सरका आणि मग दोनपट झूम करा. मोबाइलच्या मागे न लपता त्याच्या शेजारी बसा, म्हणजे ती तुमच्याकडे बघून बोलेल. आणि ती गप्प झाली तर लगेच रेकॉर्डिंग बंद करू नका, पुष्कळदा त्यानंतरच ती खरं सांगायला लागते.

नमस्कार.