विळीवर कापलेली गोळी

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘पुरुषांची केसगळती आणि पोटात घ्यायची औषधं’. त्याकडे येतोच. पण मी डॉक्टर नाही. लालबागला औषधांचं दुकान आहे, तीस वर्षं काउंटरच्या आत उभा आहे. तिथून जे दिसतं, ते आधी सांगू द्या.

हल्ली कुठलीही वस्तू मागायला पोरं लाजत नाहीत. केसांची गोळी मागणारा मात्र दुकान रिकामं व्हायची वाट बघतो. बामाची बाटली उलटसुलट करत उभा राहतो, मोबाइल बघतो, आणि शेवटचं गिऱ्हाईक पायरी उतरलं की पुढे सरकतो. गोळीपेक्षा हे लपवणं मला जास्त छळतं. आज त्याचसाठी आलोय.

बरं, लपवतात कशासाठी? वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. गावाहून आलेला प्रत्येक जण मुंबईच्या पाण्याला दोष देतो, नाहीतर हेल्मेटला. अहो, तानसा-भातसाचं तेच पाणी मानेवरच्या केसांवरून जातं. ते का गळत नाहीत? हेल्मेट मागूनही घासतं. पाठीमागची झालर शाबूत राहते आणि कपाळ मागे सरकतं, कारण वरच्या केसांच्या मुळांना डीएचटी नावाचं संप्रेरक सोसत नाही. टेस्टोस्टेरॉनपासून ते शरीरातच तयार होतं, आणि ते न सोसण्याचा स्वभाव आईबापांकडून येतो. जुना केस गळून नवा येतो, त्या दर फेरीला मूळ बारीक होतं, केस आखूड आणि मऊ येतो, शेवटी लव उरते. यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

आता ती गोष्ट. बाजूच्या चाळीतला मुलगा, नाव सांगत नाही. वडिलांना प्रोस्टेटसाठी, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीसाठी, फिनास्टेराइड पाच मिलिग्रॅम चालू होती, रोज एक. म्हणजे महिन्याला तीन स्ट्रिपा. हा चार न्यायचा. दोन-तीन महिने मी गप्प राहिलो, ते माझं चुकलं. मग एकदा विचारलंच. म्हणाला, “काका, एकाचे चार तुकडे करतो. सव्वा मिलिग्रॅम पडते, केसांना तेवढीच लागते.” हिशेब बरोबर होता. केसांची गोळी एक मिलिग्रॅमची असते. मी विचारलं, कापतोस कशाने? “विळीवर. म्हणजे ही कापते. माझ्याकडून चुरा होतो.”

मंडळी, आदल्याच आठवड्यात त्याच्या बायकोला मी माझ्या हाताने फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या होत्या. तिसरा महिना लागला होता.

मी काउंटर सोडून बाहेर आलो. त्याला पायरीवर बसवलं आणि या गोळीचा जन्म कुठून झाला ते सांगितलं. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका गावात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसायची आणि वयात येताना पुरुष व्हायची. १९७४ मध्ये इम्पेराटो-मॅकगिन्ली या डॉक्टर बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं कारण मांडलं. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, त्या मुलांच्या शरीरात नीट काम करत नव्हतं. मोठेपणी त्यांचं प्रोस्टेट लहानच राहायचं आणि टक्कल पडायचं नाही. म्हणून तेच विकर अडवणारं औषध शोधलं गेलं. अमेरिकेत १९९२ ला ते प्रोस्टेटसाठी आलं, १९९७ ला केसांसाठी.

आता हीच गोष्ट उलटी वाचा. पोटातल्या मुलग्याची जननेंद्रियं घडायला डीएचटी लागतं. म्हणून गरोदर बाईने फुटलेली किंवा कापलेली गोळी हाताळायची नसते. अख्ख्या गोळीवर लेप असतो, ती हाताला लागली तर बिघडत नाही. चिठ्ठीवर सासऱ्याचं नाव, औषध नवऱ्याच्या पोटात आणि चुरा सुनेच्या बोटांना, आणि त्याच विळीवर संध्याकाळची भाजी! पोरगा रडवेला झाला. पुढे मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. पण ती सूचना इंग्रजीत, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापतात, याचा मला आजही संताप येतो. मराठीत एक ओळ छापायला काय हरकत आहे?

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली. मुख्य विषय राहिलाच, भरभर सांगतो.

फिनास्टेराइड चालते का? चालते. मोठ्या चाचण्यांत दोन वर्षांनी गोळी घेणाऱ्या १०० पैकी ८३ जणांचे टाळूवरचे केस टिकले किंवा वाढले. तुलनेसाठी औषध नसलेली गोळी दिलेल्यांत १०० पैकी २८ जणांचे. पण तुळतुळीत झालेल्या जागी फारसं उगवत नाही, सहा महिने ते वर्ष धीर धरावा लागतो, आणि गोळी सोडली की वर्षभरात कमाई जाते.

त्रास? थोड्या जणांची कामेच्छा कमी होते, ताठरता कमी होते. बहुतेकांचं गोळी थांबवल्यावर ओसरतं, काहींनी त्रास नंतरही राहिल्याचं कळवलंय. मनावरही लक्ष ठेवा. मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. मन खचतंय असं वाटलं तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि हे घरात एकाला तरी माहीत हवं, कारण खचलेल्या माणसाला स्वतःला ते दिसत नाही.

केसांचं दुसरं औषध मिनोक्सिडिल, मुळात रक्तदाबाची गोळी. रोग्यांच्या अंगावर केस वाढले म्हणून तिचं लोशन झालं. आता त्वचारोगतज्ज्ञ कमी मात्रेत गोळीच देतात, पण केसांसाठी तिला अधिकृत मान्यता नाही. पाय सुजतात, धडधड होते. हृदयाचा त्रास असेल तर मित्राच्या स्ट्रिपमधली अजिबात घेऊ नका.

पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांसाठी एक. प्रोस्टेटच्या तपासणीत रक्तातला पीएसए बघतात, तो फिनास्टेराइडने साधारण निम्म्यावर येतो. डॉक्टरांना गोळी माहीत नसेल, तर चार हा आकडा ते चारच समजतील, धरायला हवा आठ. आणि रक्तदान शिबिरात फॉर्म भरताना हीसुद्धा गोळी लिहा. शेवटच्या गोळीनंतर महिनाभर रक्त द्यायचं नसतं, कारण ते कुठल्या गरोदर बाईला चढेल सांगता येत नाही.

अध्यक्ष उभे राहिलेत. कुणाजवळ स्ट्रिप असेल तर खाली आणा, मी जिन्यापाशी थांबतोय.