पहाटे पावणेपाचची शिकार

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय घराबाहेर न जाणाऱ्या, वर्षभराच्या तरण्याताठ्या मांजराबद्दल. ज्यांच्या घरी असं मांजर आहे, ते बहुधा आत्ता एका हाताने रेडिओ सांभाळतच ऐकत असतील.

आमची ठिणगी ११ महिन्यांची. नाव मीच ठेवलं, आता भोगतेय.

तर एक पहाट. पावणेपाचची वेळ. रोज त्या वेळी पोटावर धप्पकन उडी बसते, मी कूस बदलते. त्या दिवशी उडी आलीच नाही. आली ती सळसळ. आधी हळू, मग जोरात, मग वादळ घरात शिरल्यासारखी! झालं होतं असं, की रात्री मी आळसाने रिकामी प्लॅस्टिकची पिशवी खुर्चीवर टाकून दिली होती. ठिणगीने तिच्या बंदात डोकं घातलं. ती दचकून पळाली, तशी पिशवीत हवा भरली आणि पिशवी तिच्या मागे लागली. ती जितकी पळे, तितकी पिशवी फुगे. पिशवी जितकी वाजे, तितकी ही पळे. वाघाची मावशी, पण एका पिशवीची शिकार झाली!

पलंगाखालून टेबलावर, टेबलावरून पडद्यावर. (हल्ली पडदे इतके पातळ का करतात कोण जाणे. आमच्या जुन्या जाड पडद्यावर अख्खी माणसं लोंबकळली असती.) पडद्यावरून थेट भांड्यांच्या मांडणीवर. डबे कोसळले. एक झाकण जमिनीवर गोल गोल फिरत राहिलं, थांबेचना.

आई काठी घेऊन बाहेर आली. "चोर! दिवा लाव!" दिवा लावला. ठिणगीची शेपटी बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुललेली, डोळ्यांत नुसती काळी बुबुळं. मी धरायला धावले आणि फारच बिघडलं. पुढे मांजर, मध्ये पिशवी, मागे मी. शेवटी आई ओरडली, "अगं, तू थांब आधी! तू पळतेस म्हणून ती पळतेय."

मी थांबले. तीही कपाटामागच्या फटीत शिरली आणि थांबली. वरून टॉवेल टाकला, हळूच धरली, कात्रीने बंद कापला. टॉवेलखाली तिचं काळीज इतकं धडधडत होतं, की माझ्या तळहाताला ते मोजता आलं नसतं. आई डबे गोळा करत म्हणाली, "हिला दिवसभर काम काय असतं गं?"

श्रोतेहो, सगळं गुपित त्या प्रश्नात आहे. काहीच काम नसतं! मांजर दिवसाचे १२ ते १६ तास झोपतं आणि पहाटे नि तिन्हीसांजेला जागं होतं, कारण शिकारीची वेळ ती. टक लावायची, दबा धरायचा, झडप घालायची, चावायचं. मग खायचं, अंग चाटायचं आणि झोपायचं. घरात शिकार नाही, म्हणून तुमची पावलं हीच शिकार.

म्हणून लक्षात ठेवा: आधी खेळ, मग जेवण, मग झोप. संध्याकाळी एकदा आणि निजायच्या आधी एकदा, १०-१५ मिनिटं. काठीला बांधलेलं पीस तिच्यापासून दूर पळवा, तिच्या तोंडाशी नाचवू नका. कुठला उंदीर आपण होऊन मांजराच्या तोंडात शिरतो? आणि शेवटी तिला पकडू द्या. तो लेझरचा लाल ठिपका मला मुळीच आवडत नाही, पंजात काही लागतच नाही बिचारीच्या. माणसं मात्र मोबाइलवर चित्रीकरण करून हसत बसतात. हाताची बोटं हे खेळणं नव्हे, हेही लहानपणीच शिकवा.

खेळ झाला की दोरी कपाटात बंद. दोरा गिळला तर आतडी चुण्यांसारखी गोळा होतात, जीवावर बेततं. तोंडातून किंवा मागून टोक लोंबताना दिसलं तर ओढू नका, सरळ पशुवैद्यांकडे जा. पिशव्यांचे बंद कापूनच ठेवा. खिडकीला घट्ट जाळी हवीच.

आणि पहाटे ओरडली म्हणून उठून खाऊ घालू नका. एकदा घातलात की पावणेपाच कायमचे तुमचे. सुरुवातीला ती जास्तच ओरडेल. कान झाका, पण उठू नका. पुन्हा सांगते: आधी खेळ, मग जेवण, मग झोप.

ठिणगी आता साडेपाचपर्यंत निजते. पावणेपाचला आईच जागी होते आणि अंधारात विचारते, "आज आवाज कसा नाही गं?" त्या डब्याचं झाकण मात्र अजून नीट बसत नाही.

नमस्कार.